बालीच्या धक्क्यावर, भरतीची वेळ बघून

1939 सालचा जानेवारी अर्धा सरलाय. दुपारचे तीन वाजून गेलेत आणि तुम्ही कलकत्त्याच्या उत्तरेला, बाली गावाजवळ, हुगळीवर एका मोटर लाँचच्या डेकवर उभे आहात. समोर विलिंग्डन पुलाचे लोखंडी गाळे. पूल खुला होऊन सातच वर्षं झालीत. पलीकडच्या काठावर राणी रासमणींनी बांधलेलं दक्षिणेश्वराचं नऊ शिखरांचं देऊळ आहे आणि नदीच्या बाजूनं ओळीत बारा शिवमंदिरं. दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्यांच्या चिमण्या. थंडीमुळे दगडी कोळशाचा धूर वर चढत नाही, पाण्यालगतच तरंगत राहतो. घशाला तो जाणवतो.

इथे विमानतळ कुठाय, असं कुणाला विचारलंत तर तो बोट खाली दाखवील. नदीचा हा सरळ, रुंद पट्टाच विमानतळ. लंडनहून सिंगापूर, सिडनीकडे जाणाऱ्या इम्पीरियल एअरवेजच्या फ्लाइंग बोटी याच पाण्यावर उतरतात आणि याच पाण्यावरून उडतात.

तुमच्या लाँचचं काम बराच वेळ चालू आहे. पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. नजर सतत पाण्यावर. तरंगणारा ओंडका, सुटून आलेला बांबू, बुडायच्या बेतातलं मेलेलं जनावर, जलपर्णीचा पुंजका, जे दिसेल ते आकड्यानं ओढून बाजूला करायचं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं पाण्याला टेकणाऱ्या विमानाचा तळ ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा असतो. पाण्याखाली बोटभर दडलेला बांबू तो चिरू शकतो. मध्येच एखादी डिंगी गवताचा भारा घेऊन आडवी येते. लाँच चालवणारा सारंग तिला ओरडून काठाकडे पिटाळतो, आणि नावाडी अजिबात घाई न करता वल्हं मारत जातो, कारण नदी त्याचीही आहे.

हा सारंग चितगावकडचा. इथल्या लाँचा-स्टीमरांवरचे कितीतरी खलाशी चितगाव, नोआखाली, सिल्हेटचे. घड्याळ त्याच्याकडे आहे, पण वेळ विचारलीत तर तो आधी पाण्याकडे पाहतो. आज ओहोटी लागलीय. अमावास्या अजून काही दिवसांवर आहे, म्हणजे उधाण नाही, पाणी शहाण्यासारखं वागेल. उधाणाच्या दिवसांत या नदीत बान येतो. समुद्राची भरती खाडीच्या रुंद तोंडातून आत घुसते. पात्र जसजसं अरुंद आणि उथळ होतं, तसतसं तिचं पुढचं तोंड उभं राहतं आणि पाण्याची एक भिंत नदीच्या प्रवाहाविरुद्ध गर्जत वर येते. तेव्हा काठाला बांधलेल्या होड्या दोर सोडून मधल्या खोल पाण्यात नेतात, कारण काठावर त्यांचा चुरा होतो. लंडनला छापलेल्या वेळापत्रकात बानाचा रकाना नाही. तो या माणसाच्या डोक्यात आहे.

आणि आता ऐका. वायव्येकडून घरघर येतेय.

आधी एक ठिपका, मग रुंद पंख. 34 मीटरहून लांब पंख, त्यांवर चार ब्रिस्टल पेगॅसस इंजिनं, खाली बोटीसारखं खोल पोट. शॉर्ट कंपनीच्या या सी-क्लास बोटींची नावं सगळी इंग्रजी सी अक्षरानं सुरू होतात: कॅनोपस, कॅपेला, कॉर्सेअर, कोरिओलेनस. ही आज कराचीहून निघाली. उदयपूरजवळ राजसमंदच्या तलावावर टेकली, मग ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या संस्थानातल्या तलावावर, आणि तिथून अलाहाबादला यमुनेत. तलाव, तलाव, नदी. त्यानंतर हजारीबागच्या डोंगरांवरून सुमारे तीन तास, जिथे खाली तिच्याजोगतं पाणी नाही. म्हणून हुगळीची चकाकती रेघ दिसली की वैमानिकाला हायसं वाटत असणार.

बोट पुलावरून एक फेरी घेते. आत रेडिओवाला लांब सोडलेली एरियलची तार हातानं गुंडाळून घेतोय. तिच्या टोकाला शिशाची वजनं असतात आणि ती आत घेतल्याशिवाय पाण्याला टेकायचं नसतं. इकडे सारंग लाँचला वेग देतो. वारा पडलेला असला की पाणी आरशासारखं गुळगुळीत होतं आणि वरून वैमानिकाला त्याचा पृष्ठभागच समजत नाही. अजून उंच आहोत असं वाटत असतानाच विमान आदळतं, किंवा टेकलो समजून तो हवेतच वेग तोडतो. म्हणून लाँच पट्ट्यावरून धावते आणि मागे लाटांची नक्षी सोडते. त्या लाटा बघून वैमानिक उंची जोखतो. एवढ्या मोठ्या यंत्राला जमीन दाखवायचं काम एक छोटी लाँच करते आणि आज तिच्यावर तुम्ही आहात. कठडा घट्ट धरा.

ती येते. चाकं नाहीत, त्यामुळे काही खाली निघत नाही, नुसतं पोट खाली येतं. आधी पाण्याला एक पांढरा ओरखडा, मग दोन्ही बाजूंना उसळलेले पंखे, आणि मग अचानक ती विमान राहत नाही, जड बोट होते, नाक खाली घालून हळू चालणारी. सुमारे अठरा टन वजन आणि ब्रेक मुळीच नाहीत. इंजिन चालू आहे तोवर ती पुढे जाणारच. वळायचं तर एका बाजूच्या इंजिनाला जोर द्यायचा, आणि थोपवायचं तर खिडकीतून कॅनव्हासच्या शंकूच्या पिशव्या पाण्यात टाकायच्या. पिशवी पाण्यानं भरते, दोर ताणला जातो, वेग मरतो.

नाकाच्या टोकाला एक झडप उघडते आणि आतून एक माणूस कमरेपर्यंत वर येतो, हातात आकडा. बोट ज्याला बांधायची तो बोया नाकाच्या खाली आला की वैमानिकाला तो दिसतच नाही. हा माणूस हातानं खुणा करतो, थोडं डावीकडे, अजून, बस. ओहोटी खाली ओढतेय म्हणून बोट वरच्या दिशेला तोंड करून, प्रवाह अंगावर घेत बोयाकडे येते. पाण्याचा जोर आणि इंजिनाचा जोर बरोबरीला आले की ती क्षणभर जागच्या जागी उभी राहते. तेवढ्यात आकडा पडायला हवा. चुकला तर पुन्हा वळसा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आज एका फेकीत पडतो. इंजिनं एकेक करून बंद होतात आणि काठावर गिरणीचा भोंगा वाजत होता हे तुम्हाला आत्ता कळतं.

आता सारंगाची खरी परीक्षा. पंखे पुरते थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही. पुढून तर कधीच नाही, पंखाच्या मागून यायचं. लाँचच्या कडेला काथ्याच्या जाड गाद्या बांधल्यात, तरी वाहत्या पाण्यात लाँच त्या पत्र्याला लावायची ती अशी की धक्का हाताला कळावा, पत्र्याला नाही. जरा जोरात लागली तर पोचा येतो, आणि पोचा आलेली बोट तपासल्याशिवाय उडत नाही. तो हे रोज करतो, भरतीत, ओहोटीत, श्रावणातल्या पुरात. या बोटींवर लिहिलेल्या पुस्तकांत कप्तानांची नावं आहेत, इंजिनांचं अश्वबल आहे, जेवणाचे पदार्थसुद्धा आहेत. बालीच्या सारंगांची नावं मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत, आणि हे मला मनापासून खुपतं. लंडन ते सिडनी हा हवाई मार्ग जितका वैमानिकांनी चालवला, तितकाच प्रत्येक मुक्कामाच्या अशा लाँचवाल्यांनी.

दार उघडतं. उतरणारे प्रवासी मोजकेच. खालच्या मजल्यावर बसायच्या खोल्या, त्यातल्या एकीत खिडक्यांशी उभं राहून बाहेर बघण्यासाठी कठडा, मध्ये मुदपाकखाना. पण वरच्या मजल्याकडे बघा. वैमानिकांच्या मागची जागा डाकेसाठी आहे, आणि हा सगळा खटाटोप डाकेसाठीच आहे. 1938च्या फेब्रुवारीअखेर साम्राज्याची हवाई टपाल योजना हिंदुस्थानापर्यंत आली. त्यानंतर अर्ध्या औंसाचं पत्र अडीच आण्यांत विलायतेला विमानानं जाऊ लागलं, वेगळा हवाई आकार न देता. लोक इतकं लिहू लागले की 1938च्या नाताळात प्रवाशांच्या जागा काढून तिथे थैल्या रचाव्या लागल्या.

एक थैली तुमच्या हातात येते. हुगळीच्या मधोमध, डोलणाऱ्या लाँचवर, ओल्या डेकवर, ती पाण्यात पडू द्यायची नाही. वाटेत ग्वाल्हेरचा थांबा झालाय, तेव्हा एखाद्या थैलीत तिथल्या लष्कर भागातल्या मराठी घरातलं, रंगून किंवा सिंगापुरात नोकरीला असलेल्या मुलासाठीचं पत्र असायला हरकत नाही. त्या काळच्या अडीच आण्यांच्या तिकिटावर, जांभळ्या रंगात, सहाव्या जॉर्जच्या मुद्रेशेजारी डाकेची बैलगाडी छापलेली असे. विमानाचं चित्र त्याच मालिकेत बारा आण्यांच्या तिकिटावर होतं. विलायतेच्या साध्या पत्राला अडीच आणे पुरत, त्यामुळे या बोटीतून समुद्र ओलांडणाऱ्या पाकिटांवर बैलजोड्याच जास्त.

प्रवासी मोटारीतून शहरात हॉटेलकडे गेले. तुम्ही जाऊ नका, रात्री इथेच थांबा. दक्षिणेश्वरातून आरतीच्या घंटा येतायत. पेट्रोलचा पडाव बोटीच्या पंखाला लागलाय आणि इंधन पंखातल्या टाक्यांत चढतंय, म्हणून जवळपास कुणी विडी ओढत नाही. दोन माणसं तळातलं पाणी बघतात आणि हातपंपानं उपसतात, कारण कितीही चांगली बांधली तरी पाण्यात उभी असलेली बोट थोडी झिरपतेच. रात्रभर एक पहारेकरी आत असतो. मध्यरात्रीनंतर केव्हातरी पाणी थांबतं. ओहोटी संपते, भरती अजून लागायची असते. तेवढ्या वेळात बोटीला दिशाच नसते. मग भरती जोर धरते आणि अठरा टनांचं ते धूड बोयाभोवती सावकाश फिरून तोंड दक्षिणेला करतं. पहारेकरी बाहेर येतो, दोर घासला जात नाहीये ना ते हातानं चाचपतो आणि परत आत जातो. जमिनीवरचं विमान रात्री नुसतं उभं असतं. इथलं रात्रभर वागवावं लागतं.

पहाटे उजाडायच्या आत निघायचं. होड्यांवर दिवे लावून अंधारात रांग केलीय, म्हणजे वैमानिकाला सरळ रेषा दिसावी. लाँच पुन्हा एकदा पट्टा चाळून आली. या खेपेला तुम्ही आत आहात. एक इंजिन सुरू होतं, दुसरं, आणि दोर सुटता क्षणी बोट चालू लागते. मग चारी इंजिनांचा पूर्ण जोर, आणि खिडकीबाहेर हुगळीचं मातकट पाणी चढत जातं, काच पूर्ण झाकते, काहीच दिसत नाही. पोटाखाली लाटांचे ठोके, आधी जड, मग जलद, मग हलके. बोट पाण्यातून वर उचलली जाऊन पाण्यावर घसरू लागलीय. ठोके थांबतात. काचेवरून पाणी मागे ओघळतं आणि खाली धुक्यात बेलूर मठाचं देऊळ दिसतं. त्याची प्रतिष्ठापना गेल्याच वर्षी, 1938च्या जानेवारीत झाली. पुढे अक्याब, रंगून, बँकॉक.

तिकडे जाऊ नका. याच वर्षीच्या 12 जूनला उतरा.

हवा जड आहे, पावसाचे दिवस तोंडावर आलेत. उन्हाळ्याच्या शेवटी बंगालात वारा असा एकदम उठतो की काठावरचे माड आडवे होतात. धावपट्टी वाऱ्याच्या दिशा बघून आखता येते. नदी वाहते तशीच वाहते, आणि विमानाला उतरायला तिचं वर किंवा खाली एवढंच राहतं. सेंच्युरियन नावाची बोट उतरतेय. पाण्याला टेकताना वाऱ्याचा झोत तिला गाठतो, नाक पाण्यात जातं आणि ती बुडते. आतली माणसं बाहेर काढली जातात. मी तुम्हाला इथे आणलं ते अपघात दाखवायला नाही. नदीवरच्या अपघातात पहिली मदत कोण करतं हे दिसावं म्हणून आणलं. इथे बंबाची गाडी धावत येऊ शकत नाही. बोट बुडाली त्याच पाण्यावर असलेल्यांनीच वेळेत पोहोचायचं असतं. भिजलेल्या थैल्याही वर येतात, आणि शाई पसरलेली पाकिटं वाळवून पुढे पाठवली जातात.

आता 1942चा फेब्रुवारी. मधल्या काळात कंपनीचं नाव बदललंय. 1 एप्रिल 1940 पासून ती बीओएसी. 1940च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्राची वाट बंद झाली आणि लंडनशी असलेला थेट धागा तुटला. मग बोटी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून निघून कैरो, कराची, कलकत्ता, सिंगापूर करत सिडनीपर्यंत जाऊ लागल्या. नकाशावर घोड्याच्या नालेचा आकार, म्हणून हॉर्सशू रूट. आता त्या नालेचं एक टोकही तुटतंय. कोरिओ ही बोट 30 जानेवारीला तिमोरजवळ जपानी लढाऊ विमानांनी पाडली. सर्सी 28 फेब्रुवारीला जावाहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली ती पोचलीच नाही. 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. बालीचा धक्का, जो मधला थांबा होता, तो आता शेवटचा थांबा.

धक्क्यावर उभे राहा. पूर्वेकडून कुणी आलं की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. रंगूनमध्ये कुणाचा भाऊ आहे, कुणाचं दुकान, कुणाचं सगळं घर. पण ब्रह्मदेशातून निघालेले लाखो हिंदी लोक विमानात नव्हते, आणि हे इथे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. ते आराकानच्या आणि मणिपूरच्या डोंगरांतून पायी येत होते. हजारो वाटेतच मेले, उपासानं, पटकीनं, मलेरियानं. या पाण्यावर उतरायचं भाग्य मूठभरांचं होतं, आणि त्यात गोऱ्या कातडीला आधी जागा होती. तीन वर्षांपूर्वी जी बोट तुम्ही इतक्या कौतुकानं बघितलीत, तिच्याकडे आता त्या पायवाटेवरून आलेल्या माणसाच्या नजरेनं बघा. तिचं सौंदर्य कमी होत नाही, पण ती कुणासाठी होती हे दिसतं.

युद्ध संपतं. 1946मध्ये तुम्ही पुन्हा त्याच लाँचवर आहात. आता येतात त्या सुंदरलँड जातीच्या लढाऊ बोटींच्या तोफा काढून, गाद्या घालून केलेल्या हाइथ बोटी. त्या विलायतेहून सिडनीला जातात, हाँगकाँगलाही जातात. काम तेच. ओंडके काढा, डिंग्या हटवा, लाटा उठवा, काथ्याच्या गाद्या बांधा.

पण पूर्वेला काही मैलांवर दमदम आहे. युद्धानं जगभर लांब, पक्क्या धावपट्ट्या घातल्या आणि मोठी विमानं जमिनीवर उतरवण्यातली जुनी अडचण संपली. 1930च्या दशकात इतकं वजन पेलणाऱ्या धावपट्ट्या फार थोड्या होत्या आणि पाणी मात्र सगळीकडे होतं. फ्लाइंग बोटींचं सगळं गणित एवढ्यावर उभं होतं. आता ते उलटलं. चाकांच्या विमानाला बोटीचं जड पोट वाहावं लागत नाही, म्हणून ते त्याच इंधनात जास्त वेगानं, जास्त लांब जातं. त्याला लाँच लागत नाही, सारंग लागत नाही, रात्रीचा पहारा लागत नाही. 1950च्या नोव्हेंबरमध्ये बीओएसीनं आपली फ्लाइंग बोटींची सेवा कायमची बंद केली. हुगळीवरून त्या त्याआधीच गेल्या होत्या.

त्यानंतरच्या एखाद्या सकाळी बालीला या. बोया नाही, पेट्रोलचा पडाव नाही. तुमचा सारंग आता दुसऱ्या कुठल्या लाँचवर असेल, तागाचे पडाव ओढणाऱ्या किंवा माणसं पार करणाऱ्या. विमान वरून जातं, पुलाच्या बरंच उंच, चाकं खाली काढून दमदमकडे. त्या वैमानिकाला भरती कधी लागते हे माहीत असायची गरज उरलेली नाही. खाली डिंगीवाल्याला मात्र आहे. परवा अमावास्या, दुपारी बान येणार, तेव्हा सकाळीच होडी सोडून मधल्या पाण्यात न्यायची.